तीन नावांची हाक

शुक्रवारी रात्री रुवीतल्या आमच्या फ्लॅटच्या संडासावर
बशीरनं कागद चिकटवला :
सातपासून सकाळपर्यंत फक्त भाल.
खाली बंगालीत आणखी एक ओळ,
तिचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही.

नऊ माणसं, एक संडास.
बाकीचे आठजण मशिदीत नाहीतर पेट्रोल पंपावर जाऊन आले.
फैजलनं मत्तीचं कालवण केलंच नाही.
"तुझ्या नाकासमोर कशाला," म्हणाला,
आणि सगळे जिन्यात बसून कोरडा पाव खाऊन आले.

मी पीत होतो. दर पंधरा मिनिटांनी ग्लास,
लिंबू कधी न बघितलेल्या माणसानं
ऐकीव माहितीवर केलेलं सरबत.
चाळीस उलटलेला बाप्या
शाळेतल्या पोरासारखा चड्डी धरून पळत होता.

तात्यांना हे कुणी पाजलं नाही.
रक्त पडतं म्हणजे मूळव्याध,
गडहिंग्लजच्या वैद्याची पुडी, वर ताक.
त्रेचाळिसाव्या वर्षी गेले.
त्यांच्या आधी आजोबा, नुसतं "पोट धरून".
पारूआत्याची पिशवी काढली, तरी ती राहिली नाही.
आईनं त्र्यंबकेश्वरी जाऊन विधी केला.
गुरुजी म्हणाले, दोष मागून आलाय.
तेवढं मात्र त्यांचं बरोबर होतं.

मग मिरजेत जयवंतचं निघालं, अडतिसाव्या वर्षी.
तो आहे. पोटाला पिशवी लावून दुकानात बसतो.
त्याच्या रक्तातून एक कागद आला,
त्यावर जीनचं नाव, ट्रकच्या नंबरासारखं.
फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं :
दादा, तूपण बघून घे. उशीर नको.

मी अकरा महिने उशीर केला.
विमावाले जुना आजार म्हणतील,
कंपनी तिकीट काढून देईल,
आणि नाव घेतलं की येतो, असं आमच्याकडं म्हणतात.

मी लिफ्टचं काम करतो.
चांगल्या चालणाऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात वर्षातून एकदा उतरतो,
दोराच्या तारा बॅटरीनं बघतो.
वॉचमन विचारतो, चालतीये की, कशाला बंद ठेवता?
त्याला काय सांगायचं ते मला तोंडपाठ आहे.

दवाखान्यात फॉर्मवर सोबत्याचं नातं विचारलं.
बशीरनं भाऊ लिहिलं.
काउंटरवरच्या बाईनं दोन्ही नावं वाचली,
शिक्का मारला.

इथल्या कार्डावर माणूस एकटा नसतो,
बाप असतो, बापाचा बाप असतो.
नर्सनं दार उघडून आवाज दिला :
"बालशंदर तातोबा रखमाजी!"

मी उठलो.
मला वाटलं, तिघं उठलो.
तात्या टोपी चाचपत,
आजोबा पोटावर हात ठेवून,
बोलावलंय खरं का ते पुन्हा एकदा विचारत.
आयुष्यात त्यांना कुणी
दुखायच्या आधी हाक मारलेली नव्हती.

शुद्ध आली तेव्हा डॉक्टर बुथैना फोटो दाखवत होत्या.
गुलाबी बोगदा. त्यात दोन दाणे, मसुराएवढे.
"काढलेत. तपासायला पाठवते. पुढच्या वर्षी परत."
मी थँक्यू म्हणालो, मग शुक्रन म्हणालो,
मग मराठीत काहीतरी बोललो म्हणे. बशीर सांगत नाही काय ते.

संध्याकाळी शलाकाचा फोन.
डिसेंबरात तिला अठरा लागतील.
"दुखलं?"
"नाही. भूक लागली."
"मला कधी करावी लागेल?"
"आधी नुसतं रक्त. तुझ्यात नसेलही. निम्मी निम्मी शक्यता असते."
ती गप्प. मागं कुकरच्या शिट्ट्या.
मग म्हणाली,
"फॉर्मवर मीपण शलाका भालचंद्रच लिहिते की."
मी हो म्हणालो.
त्यापुढं सुचलं नाही.

फैजलनं कंजी ठेवलीय, वर लोणच्याचा खार.
दारावरचा कागद कुणी काढलेला नाही.
आत गुरुंग गेलाय, गाणं म्हणतोय,
आणि मी बाहेर उभा,
तिसरा नंबर.