मागची काच

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी थेंब मोजले.
त्यामुळं टाकीत हिरवं दिसलं तेव्हा घाबरले नाही,
वही काढली.

शाहूपुरीत, आमच्या पुढच्या खोलीत
दीडशे लिटर समुद्र.
खरा समुद्र आंबा घाट उतरून पार पलीकडं,
हा पिशवीतल्या मिठाचा,
लिटरला पस्तीस ग्रॅम, छोट्या काट्यावर तोललेला.
त्याच काट्यावर हिंदुरावांचं मीठ तोलते,
बायपास झाल्यापासून. दिवसाला तीन ग्रॅम.
माशास्नी पोतंभर आणि मला चिमूट, म्हणतात.

आधी खडकावर मिसरूड फुटलं.
मग दाढी.
मग वाळूवर तांबडी साय,
बोटानं ओढली की अख्खी निघते
आणि सकाळी पुन्हा धरलेली असते.

इरफान मुजावर म्हणाला, काकी, नळाचं पाणी तोडा.
तोडलं. आरओ बसवला.
दिवा दहा तासांवरून सहावर आणला.
वीस गोगलगायी सोडल्या, एक पालथी पडून मेली.
बांगड्या फ्रिजवर काढून ठेवून
जुन्या टूथब्रशनं खडक घासले,
कोपरापर्यंत हात खारा.
संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारताना
ते कडेचं हिरवं पाणी बघून मनात यायचं,
ह्याला ब्रश कुठला पुरणार.

फॉस्फेट मात्र ऐकेना.
बारा थेंब घाला, हलवा, पाच मिनिटं थांबा:
निळं.
दुसऱ्या दिवशी आणखी निळं.
खायला मी घालते एक चिमूट, तीही दिवसाआड.
जमा आणि खर्च जुळेना.
कारखान्यात असं झालं की आम्ही समजून जायचो,
वजनकाट्यावर कुणाचा तरी पाय आहे.

परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठले.
पंपाची घरघर,
आणि टाकीपुढं हिंदुराव, बनियनवर,
एका हातानं छातीवरचा व्रण खाजवत,
दुसऱ्या हातात डबी.
"खावा बाबांनो. ती झोपलीय."
दोन चिमटी.
थोडा विचार करून तिसरी.
मासे वर आले, रोजच्या सवयीनं आले,
आणि हे काचेला नाक लावून विचारतायत,
"अळणी न्हाई न्हवं?"

मी तहानलेलीच परत जाऊन पडले.

सकाळी वहीत लिहिलं: कारण सापडलं.
पुढं रकाना होता, उपाय. तो कोरा सोडला.
डबीतलं निम्मं काढून मसाल्याच्या डब्यामागं ठेवलं.
पुढची काच घासली, दोन्ही बाजू घासल्या,
तांबडी साय नळीनं ओढून बादलीत घेतली.
मागची काच तशीच ठेवली.
तिथं गोगलगायी रात्रभर चरतात,
मागं स्वच्छ वाटा राहतात, वाकड्यातिकड्या.

"तिकडचं ऱ्हायलं की गं," हे चहा पिताना म्हणाले.
राहू दे, म्हटलं.

मीठ तीन ग्रॅमच.