मानस

चारशे बारावं पान.
एक तक्ता ओळभर खाली सरकवला
आणि त्याखालचं सगळं कोसळलं.
'पोय'ची तळटीप 'बांध'च्या पोटात,
खाजनातला बगळा
परिशिष्ट तीनमध्ये जाऊन उभा एका पायावर.
फाइलचं नाव: कोश_अंतिम_खरंच_अंतिम_७.

अकरा वर्षं वेचलेत हे शब्द
आगरवाड्याच्या मिठागरांतून, चोपडेच्या पुलाखालून.
नोंदी दोन हजार चाळीस,
मराठी, कोकणी, मधेच एखादा पोर्तुगीज
डोक्यावर इवलीशी लाट घेऊन आलेला.
छापताना ती लाट
रिकामा चौकोन होते.

म्हापशाचा डीटीपीवाला इनासियो म्हणतो,
माझ्या जुन्या फॉन्टात द्या सर,
वीस वर्षं सगळ्या पत्रिका त्यातच काढल्यात.
त्याच्या फॉन्टात 'क्ष' आतून डॉलरचं चिन्ह असतो.
दुसऱ्या संगणकावर उघडलं
की माझं मीठ
पुन्हा खारं पाणी.

ज्युलियेता ताळगावला पीएचडी संपवत आलीय.
रात्री फोनवर सांगते, साध्या मजकुरात लिही.
शीर्षकाला एवढंच सांग की तू शीर्षक आहेस.
कसं दिसायचं, ते नंतर, एकाच जागी ठरव.
ऐकलं.
पहिल्याच दिवशी एक महिरपी कंस मिटायचा राहिला
आणि यंत्रानं ओळ ९८१३ वर बोट ठेवून
अख्खा कोश नाकारला.
एका कंसासाठी!
पेडण्यात लग्नातले व्याहीसुद्धा
इतके रुसत नाहीत.

वर्डमध्ये निदान चुका निमूट होतात.

सकाळी बांधावर गेलो.
सगुण मानशीची फळी बदलत होता,
गुडघाभर चिखलात, तोंडात दोन खिळे.
भरतीला आपसूक मिटणारं, ओहोटीला उघडणारं
लाकडी दार. ना मोटर, ना पहारेकरी.
कसं कळतं दाराला, मी विचारलं.
खिळे हातात घेत म्हणाला,
"हांव फकत दार बसयतां. उदकाक वेळ कळटा."
आणि बिघडलं तर?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी वहीत काहीच लिहिलं नाही.
जुनी फळी शेजारी पडली होती,
तिच्यावर त्याच्या बापाच्या हातच्या खाचा.
नवीवर त्यानं त्याच मापानं पाडल्या.

घरी येऊन इनासियोला नाही म्हणालो.
(तो रागावला नाही. त्याला पत्रिकांचा हंगाम आहे.)
आता रोज वीस नोंदी नव्या साच्यात ओततो,
कंस मोजतो, जपमाळेसारखे,
पाठ दुखते, चष्म्याचा नंबर वाढलाय,
पण तक्ता हलवला
तर बगळा जागचा हलत नाही.

काल 'मानस'पाशी पोचलो.
स्त्रीलिंगी. खाजनाच्या बांधातलं भरती-ओहोटीचं दार.
पुढे, कधीतरी उत्साहात, मीच लिहिलेलं:
पहा, 'मन'.

यंत्र थांबलं नाही. फक्त तळाशी नोंदवलं:
संदर्भ सापडला नाही.
खरंच, 'मन' ही नोंद
अकरा वर्षांत करायचीच राहिली.
पान छापून आलं.
त्या जागी दोन प्रश्नचिन्हं,
ठळक, शेजारी शेजारी.

अजून काढलेली नाहीत.