गुटका

गुटका. क कमळातला.
खायचा नव्हे, चाकामागं लावायचा.
बाभळीचा, एका अंगानं तिरपा तासलेला,
वर सुतळीचा फास, हातात धरायला.
परतवाड्याच्या फकिरा मिस्त्र्यानं फुकट दिला,
म्हणाला, बाई, तुमचं घर आता तुमच्या हातावर.

घर म्हणजे शालिकरामचं, दोन चाकांचं.
एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकून
निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी भंगारातून ट्रॉली आणली त्यानं,
वर पत्रा चढवला, पत्र्याला खिडक्या,
खिडक्यांना माझ्या जुन्या पातळाचे पडदे, मला न विचारता.
आत दिवाण, शेगडी, कोपऱ्यात माठ,
पडायच्या बेतातल्या माणसाला कमरेत धरावं
तसा दोरीनं बांधलेला.

आमच्या गच्चीवरून डोंगर दिसायचा,
वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागं.
चौतीस वर्षं मी कपडे काढून आणले,
डोंगर तिथंच राहू दिला.

बिहाली मागं पडली, घाट लागला.
जुनी कमांडर पहिल्या गिअरात रडत पुढं,
तिच्या हुकाला घर,
घरामागं मी, पायी, गुटका घेऊन.
"दोनदा भोंगा वाजवला का लावजो," शालिकराम म्हणाला होता,
"एकदा वाजवला तं नोको लावू. थो माकडांसाठी."

सागाची पानं गळून रस्त्यावर,
चाकाखाली पापड मोडल्यासारखी.
मोहाचा वास आधी, मग क्लच जळल्याचा,
मग दोन्ही एकात एक.

चौथ्या वळणावर भोंगा वाजला.
एकदा.

मी रस्ता पाहिला. माकड नव्हतं.
झाडावरही नव्हतं.
घराचं मागचं दार मात्र
हळूहळू माझ्याकडं येत होतं,
पडद्यावरची बारकी फुलं मोठी होत होती.

मी बसले. लावला.
चाक गुटक्यावर चढलं, बाभूळ करकरली,
आत माठ दोरीत डुचमळला, आणि थांबलं सगळं.
दुसऱ्या चाकामागं कुणीतरी दगड सरकवला तेव्हा कळलं
की मी एकटी नव्हते.
मोह वेचून निघालेली एक बाई,
टोपली डोक्यावर तशीच, पायानंच दगड लोटलेला.
मुंगाय तिचं नाव. विचारल्यावर सांगितलं, आधी नाही.

शालिकराम धावत आला, घामानं भिजलेला.
"दोनदा दाबला वं म्या! दुसरा वाजलाच नाई.
वायर ढिली असंल."
चौतीस वर्षांचा फिटर.
मी काही बोलले नाही. हात थरथरत होते,
ते पदरात घेतले.

माठातलं अर्धं पाणी रेडिएटरनं प्यालं,
उरलेल्याचा चहा.
वळणावरच, घरात, तिरप्या दिवाणावर तिघं
एकमेकांच्या अंगावर घसरत.
मुंगायनं पडदा सारला, दरी पाहिली,
तिची रोजचीच असणार, तरी चौकटीतून पाहिली.
मग म्हणाली, "रातच्याले तुमी कोन्या गावचे?"
शालिकरामनं माझ्याकडं पाहिलं.
परतवाड्याचे म्हणणार होते मी,
पण ते खाली राहिलं होतं, धुरकट,
कुणाच्यातरी गच्चीवर कपडे वाळत असतील तिथं.
"जिथं गुटका लावू, त्या गावचे," मी म्हटलं.
तिला ते पटलं नाही. चहा मात्र आवडला.

घटांगनंतर उतार.
आता घर मागून ढकलायला लागलं,
लग्नात करवलीनं रेटावं तसं.
शालिकराम म्हणाला, "पुढं येऊन बस,
उताराले तुह्यं काम नाई."
इंजिनावर उतरवत होता गाडी,
ब्रेकला नुसता पाय शिवून,
नजर आरशात, आरशात आमच्या खिडकीचा तुकडा.
मांडीवर माझ्या गुटका,
त्याच्यावर टायरची नक्षी उमटलेली,
बोटानं चाचपली तर अजून कोमट.

सेमाडोहचे दिवे दिसले तेव्हा म्हटलं,
"दोनदा वाजव."
"काहून?"
"उगाच."
त्यानं दोनदा दाबला.

एकदाच वाजला.