बरणी क्रमांक सात

जिन्याखालच्या खोलीत बारा बरण्या.
बरणीत पाणी, पाण्यात डांबराची वडी,
रुपयाएवढी रुंद, बोटभर जाड,
डांबरात कालवलेलं मीठ.

खरा कचरा इथे नाही.
मॅडम म्हणाल्या, घाबरू नका गड्डमबाई,
हे त्याचं सोंग आहे:
मीठ तेच, डांबर तेच, किरणं वजा.
मी घाबरले नव्हते. मी विचारलं,
पाणी रोज बदलायचं का?
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.

नायनांनी पत्र्याच्या भोकांवर डांबर ओतलं तेव्हा
अख्ख्या साखर पेठेला ऐकवलं होतं,
आता पाण्याचा बाप येऊ दे!

अडवतं डांबर. पेंगत्या वॉचमनसारखं अडवतं.
थेंबाहून बारीक काहीतरी आत शिरतं,
कारण आतून मीठ हाका मारतं.
मग मीठ विरघळतं, जागा मागतं.
पहिल्या महिन्यात काही नाही.
अकराव्यात केसाएवढं.
तिसऱ्या वर्षी सात नंबरच्या वडीला पोट आलं,
वरचं कातडं ताणून चकचकीत.

कुठेतरी पाणी मुरतंय, लोक म्हणतात.
मी तेच लिहिते, मिलिमीटरमध्ये.

कोपऱ्यात एक पोलादी डबी आहे.
तिच्यातल्या वडीला फुगायला जागा ठेवलेली नाही.
तिथे जाडी वाढत नाही, काटा चढतो.
मे महिना, बाहेर चव्वेचाळीस,
सकाळपासून मी घोटभर प्यायले नव्हते
आणि काटा एक घर पुढे.

नायना रंगाच्या हौदात मुठीने मीठ टाकायचे,
मिठाशिवाय रंग सुताला धरत नाही म्हणायचे.
शेवटी त्यांचेच पाय सुजले.
अंगठ्याने दाबलं की खड्डा राहायचा,
हळू भरून यायचा.
सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले, मीठ बंद, पाणी मोजून.
मी मोजलं. स्टीलचा पेला, दिवसाला पाच.
सहावा ते डोळ्यांनी मागायचे.

ती वही कुठे गेली माहीत नाही.

आजची नोंद:
बरणी सात, वाढ शून्य पूर्णांक चार. पाण्याला पिवळट झाक.
वडी काढून टिपली, वजन केलं, परत ठेवली,
ठेवताना बोट जरा जास्तच दाबलं गेलं.
खड्डा राहिला.

मॅडमची बदली पुढच्या जूनला.
डांबराला घाई नाही.
या वहीची चार पानं उरलीत,
मागणीपत्रात लिहिलं: दोनशे पानी, एक.