भारतमाता हलत नाही

नागोसे गुरुजींनी मला निवडलं
कारण माझी वेणी कमरेखाली जायची
आणि रंग, त्यांच्या शब्दात, फोटोत उठणारा होता.
चौथीत होते. पाढे सतरापर्यंत पाठ.
स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली होती, फोटो निघणार होता.

साडी शेवंताबाई राऊतांची. डांबरगोळ्यांचा वास.
लग्नातला हळदीचा डाग निऱ्यांत दडवला.
मुकुट म्हणजे मागच्या पोळ्यातलं बैलाचं बाशिंग,
वरून नवी बेगड.
आत बैलाचा वास तसाच होता.
मला तो आवडला, हे कोणाला सांगितलं नाही.

सिंह म्हणून पोलीस पाटलांचा मोत्या बसवणार होते.
पहाटे दोरी चावून तो नाल्याकडे गेला.

गुरुजी ट्रॉलीखालून म्हणाले,
"हालायचं नाही. हासायचं नाही. खाजवायचं तर नाहीच.
भारतमाता खाजवत नाही."
एका हातात झेंडा, दुसरा आशीर्वादाचा.
तो मारुतीपर्यंत माझा होता,
पुढे कोपराखाली नुसत्या मुंग्या.

मारुतीजवळ ट्रॅक्टर थांबला.
एका म्हातारीने तांब्याभर पाणी माझ्या पायावर घातलं,
रुपया ठेवला.
"माय, पऱ्हाटी वाळून राह्यली वं. पाणी पडू दे."
वाटलं सांगावं, आजी, मी लोणाऱ्यांची बेबीनंदा,
कालच तुमच्याकडून वाटीभर तेल नेलं,
अजून परत नाही केलं.
पण बोलायचंही नव्हतंच.

माझ्यामागे देश होता.
खताची पोती उसवून शिवलेला, चुन्याने रंगवलेला,
तुराट्यांवर ताणलेला. वरचं टोक वाऱ्याने
सारखं माझ्या बाशिंगावर वाकायचं.
तो मागून धरायला सोमी टेकाम,
पोडावरची, माझ्याच वर्गातली.
तिला एकोणीसचाही पाढा यायचा.
लोकांना तिची बोटं तेवढी दिसत असतील,
चार गुजरातजवळ, चार बंगालजवळ.

विहाराच्या वळणावर पाठीत मुंगळा शिरला.
डोळ्यांत पाणी आलं.
समोरच्या बायका म्हणाल्या,
"पाहा वं, पोट्टीच्या आंगात खरंच आलं."

मागून आवाज, पोत्याच्या शिवणीतून :
"बेबे, कुठी खाजते?"
"मधात. थोडं खाली."
चार बोटं आली. बंगाल सुटला.
अख्खा देश एका बाजूने कलला
आणि तिने खाजवलं, नेमकं तिथंच, नखं लावून,
मुंगळा काढून टाकला.
लोक टाळ्या वाजवत होते.

नंतर लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.
मला दोन, कारण मी भारतमाता.
सोमीला एक.
मी दुसरी तिला दिली असं मी पुष्कळ जणांना सांगितलं आहे.
दिली नव्हती.

सातवीनंतर ती आईबरोबर मिरची तोडायला आंध्रात गेली.
कोणत्या गावी ते कोणाला ठाऊक नव्हतं.
मीही दोनदाच विचारलं.

आता त्याच शाळेत मी म्याडम.
तो फोटो कपाटावर आहे, काचेत वाळवी शिरलेली,
माझा चेहरा खाल्ला,
कडेची बोटं राहिली.

यंदा ट्रॉली नाही, पिकअप.
मुलींनीच चिठ्ठ्या टाकल्या,
गेडामांची पल्लवी निघाली.
मुकुट वणीहून आणला, हलका, कशाचाच वास नाही.
नकाशा फ्लेक्सचा, लोखंडी चौकटीत,
त्याला धरायला कोणी लागत नाही.

दोरी घट्ट करायला मी मागे गेले.
ऊन आरपार आलं.
देश उलटा दिसत होता.
म्हणजे गुजरात सोमीच्या उजव्या हाताला होता.
मी इतकी वर्षं डाव्या समजत होते.

पिकअप सुरू झाला. समोरून पल्लवी, ओठ न हलवता :
"म्याडम, पाठीले खाजते."

मी हात पुढे केला.
फ्लेक्सला शिवण नव्हती.