आमेननंतर

शनिवारी साडेसहाला, नागाळा पार्कातल्या बंगल्याच्या मागच्या खोलीत
आम्ही चौदा जण सतरंजीवर.
तेरा आणि एक, असं मी मोजते.
त्यांनी कधी मोजलं नाही, हेही सांगायला हवं.

शांतवनदादा गिटारची तार पिळत असतो,
आणि माझा उजवा हात
सवयीनं कपाळाकडे निघालेला,
अर्ध्यात आठवण होऊन
केसांची बट मागे सारतो.
दोन वर्षं झाली. माझे केस आता फार नीट बसतात.

वसईत कुणी विचारलं नव्हतं,
तुझं तारण कधी झालं?
इथं सगळ्यांना तारीख पाठ.
पन्हाळ्याचं शिबिर, शेकोटी, बारावीची सुट्टी.
अमोलिकला तर वेळही आठवते, रात्रीचे सव्वादहा.
माझी पाळी आली तेव्हा म्हटलं,
मी एकवीस दिवसांची होते,
पाणी गार लागलं म्हणून भोकाड पसरलं,
आणि माझ्या वतीनं हो म्हणाली लुर्दीन मावशी,
जिला माझं वयही धड सांगता येत नाही.
सगळे हसले. मीही.
मग दादानं वहीत माझ्या नावापुढं
बारकंसं प्रश्नचिन्ह काढलं.
पेन्सिलीनं, प्रेमानं.

वचन शोधायच्या शर्यतीत मी नेहमी शेवटची.
माझं बायबल जाड, सात पुस्तकं जास्तीची.
त्यातल्या एकात प्रवासाला निघालेल्या मुलामागं
एक कुत्रं जातं.
"ते कुत्रं आमच्यात नाही," एस्तेर म्हणाली,
आणि जरा थांबून, "करतं काय ते?"
काही नाही गं. नुसतं मागून चालतं.

राखेच्या बुधवारी मिस्साहून थेट मेसमध्ये गेले
तर पाटीलकाकूंचा वाढता हात थबकला.
कुठल्या देवाचा गं अंगारा?
आमच्याच.
मग पुसू नको, म्हणाल्या,
आणि तांबडा रस्सा पुढं केला.
आज नको काकू.
"उपास व्हय! आदी सांगायचं न्हाई?"
आणि साबुदाण्याची खिचडी आली.
आमच्या उपासाला भाकरी चालते
हे सांगायचं राहूनच गेलं.

त्याच संध्याकाळी विद्यापीठाच्या गेटपाशी एस्तेर भेटली.
कपाळाकडे बघून काही बोलली नाही,
पर्समधून रुमाल काढून दिला.
धुऊन ठेवलाय. परत द्यायचाय.

मरियेबद्दल मी त्या खोलीत बोलत नाही.
या गावात रिक्षाच्या पाठीवर, गुऱ्हाळाच्या पाटीवर,
जिथं तिथं आईचं नाव.
त्या एवढ्या खोलीतच तेवढं नाही.
ओढणीखाली मुठीत जपमाळ असते;
दादाची प्रार्थना लांबली
की दहा मणी सहज होतात.

तरी जाते. का जाते?
एस्तेर डोळे मिटून म्हणते,
देवा, बाबांचं क्रिएटिनिन परत वाढलंय,
तुला माहीतच आहे, मंगळवारी मिरजेला न्यायचंय,
गाडीचं अजून ठरलेलं नाही.
देवाशी गाडीबद्दल बोलता येतं
हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्याकडे सगळं आधीच लिहिलेलं,
आणि सुंदर.

शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना.
मी आमेन म्हणून पायरीवर थांबते
आणि ते तीन पायऱ्या आणखी चढून जातात,
राज्य, पराक्रम, गौरव.
मी खाली. आमेन तोंडात,
गोळी विरघळेपर्यंत धरावी तसं.

परवा रात्री हॉस्टेलच्या गच्चीत
फोनवर घरची रोझरी चालली होती.
पप्पा, मम्मी, धाकटा रॉयल जांभया देत.
प्रार्थना संपली, ते थांबले,
आणि मी नाही थांबले.
राज्य, म्हणाले. पराक्रम, म्हणाले.
पलीकडे वसईत कुणी काही बोलेना.
पंख्याचा तेवढा आवाज.

रेंज गेली का गं, पप्पांनी विचारलं.
नाही, मम्मी म्हणाली, येतोय आवाज.
पुढं काय म्हणालीस ते कळलं नाही.