कायम ठेव

लष्करात, दौलतगंजच्या वळणावर,
आमच्या मंडळाच्या लोखंडी कपाटात एक वही आहे.
पान सात :
'कै. गणपतराव मुंगी यांचे स्मरणार्थ
श्रीमती द्वारकाबाई मुंगी यांजकडून रुपये १००० फक्त.
व्याजातून उन्हाळ्यात पाणपोई.
यावच्चंद्रदिवाकरौ.'

तिथी अक्षय्य तृतीया, संवत १९९८.
बाईंची सही नाही, अंगठा आहे,
घाईनं उचललेला,
म्हणून एका बाजूनं पुसट.

मी अडतीस वर्षं बँकेत काढली.
तिथे ह्याला पर्पेच्युइटी म्हणत
आणि गणित एका ओळीचं :
वर्षाची रक्कम भागिले व्याजदर.
तीस रुपये, तीन टक्के. उत्तर हजार.
म्हणजे सगळे उन्हाळे,
जेवढे म्हणून होतील तेवढे,
घाऊक भावानं हजाराला,
आणि वर ते 'फक्त'.

नवा होतो तेव्हा हे पटायचं नाही.
जे संपतच नाही त्याची बेरीज संपते कशी?
पुरंदऱ्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं :
शंभरावा उन्हाळा आज दीड रुपयाचा,
दोनशेवा आठ पैशांचा,
आणि हजारावा...
त्यांनी बोटांवरचा खडू झटकला.
'बेरीज चालतच राहते, ढोबळे,
पण हजाराची वेस ओलांडत नाही.'
मी उतरवून घेतलं. पुढे कित्येक पोरांना शिकवलं.
शंभराव्या उन्हाळ्यातल्या माणसाला
तहान दीड रुपयाचीच लागते का,
हे विचारायचं राहून गेलं.

बाईंच्या तीस रुपयांत तेव्हा
सहा माठ यायचे, वाळ्याची जुडी यायची,
आणि ओगराळं हातात देऊन
बसवलेला एक माणूस, दोन महिने.
यंदा व्याज पासष्ट रुपये.
माठ दोनशे चाळीसला. तोटीवाला तीनशेला.
हिशेब-तपासनीस म्हणाले, किरकोळ खातं आहे,
सर्वसाधारण निधीत घालून टाका,
नुसती एक ओळ वाढते दरवर्षी.

ठेवीची मुदत भरली होती म्हणून बँकेत गेलो.
फॉर्मात चौकट होती : मुदत.
मी लिहिलं, कायम.
काउंटरवरच्या भदौरिया मुलीनं चष्मा कपाळावर सारला :
'अंकल, सिस्टम एक सौ बीस महीने से ऊपर नहीं लेता।'

एकशे वीस महिने.
घरी येऊन पान सात उलटलं.
मागे सह्या होत्या, दर दहा वर्षांनी एक.
पहिली मोडीत. दुसरी जाड निबाची, शेपटी लांब.
एकाची दोन वर्षं उशिरा,
समासात बारीक : 'विसर पडला, क्षमस्व.'
पुरंदऱ्यांचीही होती, मला ठाऊक नव्हतं.
चंद्र किंवा दिवाकर
त्या यादीत कुठे सापडले नाहीत.

मी एकाहत्तरचा आहे.
दुसऱ्या दिवशी चौकटीत १२० लिहिलं,
मागच्या पानावर सही केली
आणि खाली, पुढच्यासाठी,
पट्टीनं एक रेघ मारून ठेवली.

येताना माठ घेतला. टिचकी मारून,
कानाशी धरून, दोनदा.
वहीत मांडलं : व्याज ६५, माठ २४०,
तूट १७५, एका सभासदाकडून.
नव्या माठाचं पहिलं पाणी पीत नाहीत,
तेव्हा रात्रभर भरून पायरीवर ठेवला.

सकाळी पायरी ओली होती.
ओलीच्या कडेला मुंग्यांची रांग,
एकेक थांबत होती, तोंड लावत होती,
आणि मागचीला जागा देत होती.
पेला साखळीला बांधायचा अजून राहिला होता.